सायकसला नवी पानं फुटतात तेव्हा…

प्रश्न : आमच्या गॅलरीत कुंडीत सायकस पाम आहे. वर्षभर त्याला एकही नवं पान आलं नाही. ‘सगळी जुनी पानं छाटा, म्हणजे नवी फुटतील,’ असं माळी म्हणत होता. आम्ही छाटणी केली नाही. जूनमध्ये एकदम दहा-बारा पानं वर आली आणि आठवड्याभरात त्यांच्या नुसत्या काड्या उरल्या! हे झाड असं का वागतं? शिवाय घरात लहान मूल आणि कुत्रा आहे, तर ते ठेवावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : छाटणी केली नाहीत हे फार चांगलं झालं. सायकसच्या खोडात स्टार्चचा साठा असतो आणि तो हिरव्या पानांच्या कमाईतून भरतो. हिरवी पानं कापली की कमाई थांबते आणि पुढचा बहर दुबळा येतो. कापायचं ते फक्त पूर्ण वाळलेलं, तपकिरी झालेलं पान.

आपण याला पाम म्हणतो, पण ताड-माडाशी याचं नातं नाही. सायकस रेव्होल्यूटा हे त्याचं शास्त्रीय नाव. देवदार आणि चीड यांच्यासारखं हे अनावृतबीजी झाड आहे, म्हणजे याला फूल आणि फळ येत नाही, बी उघडीच असते. जपानची दक्षिणेकडची बेटं आणि चीनचा दक्षिण किनारा ही याची मूळ भूमी. तिथल्या खडकाळ उतारांवर अन्नपाणी बेताचंच. म्हणून हे झाड महिनोन्‌महिने साठवतं आणि वर्षातून बहुधा एकदाच सगळी पानं एकत्र काढतं. नत्रासाठीही त्याची स्वतःची सोय आहे. कुंडीत मातीच्या वरच्या थरात बारीक फाटे फुटलेल्या मुळांचे गुच्छ दिसले, तर रोग समजून ते उपटू नका. त्यांत नील-हरित शेवाळ राहतं आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतं. असं मूळ आडवं कापलं, तर आत हिरवट निळं कडं दिसतं.

आता काड्यांकडे वळू. नवं पान उलगडतं तेव्हा त्याची प्रत्येक पर्णिका नेच्याच्या कोवळ्या पानासारखी आत गुंडाळलेली आणि लुसलुशीत असते. दोन-तीन आठवड्यांत ती कडक होते. मग तिला खाणारे फारसे कोणी उरत नाहीत. तुमची पानं बहुधा प्लेन्स क्युपिड या छोट्या निळ्या फुलपाखराच्या अळ्यांनी खाल्ली असावीत. मादी नेमकी याच कोवळ्या पानांवर अंडी घालते. अळी हिरवट किंवा लालसर असते आणि पानाच्या रंगात मिसळून जाते. तिच्या अंगातून गोड रस पाझरतो, त्यासाठी मुंग्या तिच्याभोवती राखण करतात. कोंबावर मुंग्यांची ये-जा दिसली की तिथे अळी शोधायची.

म्हणून सायकसची खरी निगा या दोन-तीन आठवड्यांची आहे. खोडाच्या शेंड्याला लव असलेले कोंब दिसू लागले की जुन्या मच्छरदाणीच्या कापडाने झाड सैलसर झाका आणि पानं कडक झाल्यावर कापड काढा. अळ्या आधीच आल्या असतील तर सकाळी हाताने वेचा. या काळात कुंडी फिरवू नका, नाहीतर पानं उजेडाकडे वळताना वेडीवाकडी होतात. उजेड भरपूर हवा. अंधाऱ्या कोपऱ्यात पानं लांबुडकी आणि लुळी निघतात. घरात ठेवायचं असेल तर खिडकीलगतच. मात्र घरातून काढून एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नका, पानं करपतात.

एरवी हे झाड फारसं काही मागत नाही. मातीत जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि थोडं कुजलेलं शेणखत घाला. खोडाचा गड्डा अर्धा मातीच्या वर राहू द्या. वरची दोन बोटं माती सुकल्यावरच पाणी द्या आणि ते शेंड्यात ओतू नका. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका, कारण पाणी साचून सायकस कुजतं. नवी पानं पिवळी आणि सुरकुतलेली निघाली तर मँगनीज कमी आहे. जुनी पिवळी पडली तर बहुधा मॅग्नेशियम. पानांच्या खालच्या बाजूला पांढरे खवले चिकटले असतील तर ते खवले कीटक. ओल्या फडक्याने पुसा आणि निंबोळी तेलाची फवारणी करा, पण ती फक्त कडक झालेल्या पानांवर.

आता सर्वांत महत्त्वाचं. सायकसचे सगळेच भाग विषारी आहेत आणि बी सर्वांत जास्त. त्यातलं सायकॅसिन यकृतावर घाला घालतं. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. कुत्र्याने पान किंवा खोड चघळलं तर उलट्या सुरू होण्याची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्या. मुलाने तोंडात घातलं तर तडक दवाखाना गाठा. या खोडाच्या पिठाला परदेशात साबुदाणा म्हणत, पण आपल्या खिचडीचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. दोघांचा संबंध जोडू नका. जपानच्या ओकिनावात 1920 च्या दशकातल्या मंदीत उपाशी माणसं हे झाड खाऊन जगू पाहत होती. विष नीट न निघाल्याने काहींचा जीव गेला. त्या दिवसांना तिथे आजही ‘सोतेत्सू नरक’ म्हणतात. सोतेत्सू म्हणजे सायकस.

तेव्हा माझं स्पष्ट मत : मूल रांगतं असेल किंवा कुत्रा गॅलरीत मोकळा फिरत असेल, तर कुंडी घरात आणि गॅलरीत ठेवू नका. उंच कट्टा किंवा कुंपण घातलेला अंगणाचा कोपरा असेल तर तिथे हलवा. तशी जागा नसेल तर अंगण असलेल्या एखाद्या ओळखीच्या घरी द्या आणि त्यांना विषाबद्दल आठवणीने सांगा. यंदाच्या काड्या वाळल्या की कापा, जुनी हिरवी पानं राखा. खोड घट्ट असेल तर पुढच्या बहरात नवा मुकुट येईलच; तेवढी मच्छरदाणी आधीच हाताशी ठेवा.