घर ते विहीर : इंटरनेटची वायर नेताना



लागण, खोडवा, खतांचे हप्ते सोडून ऊस विकास विभाग वायरीबद्दल का लिहितो आहे, असे आपल्याला वाटेल. पण हल्ली गटात फिरताना बेण्याइतकीच कॅमेऱ्याची चौकशी होते. विहिरीवरून मोटारीची केबल चोरीला जाते, ठिबकचे सामान जाते. मग पंपघरावर कॅमेरा बसवायचा आणि घरच्या राउटरपासून तिथपर्यंत वायर ओढायची, असे चालले आहे. चालू द्या, काम गरजेचेच आहे. फक्त ते कसे करायचे याबद्दल थोडे बोलायचे आहे.

आधी आमची चूक सांगतो. एका सभासदाचे पंपघर घरापासून सत्तर मीटरवर. त्यांनी विचारले तेव्हा आम्हीच म्हणालो, "नेटच्या वायरीत करंट कुठला? मोटारीच्या केबलबरोबर बांधून टाका." तसे त्यांनी केले. पुढे वळवाच्या पावसात विहिरीजवळच्या नारळावर वीज पडली. पंपघरावरचा कॅमेरा गेला, ते एक असो. पण त्याच वायरीने घरातला राउटर जळाला, टीव्ही गेला, भिंतीवरचा बोर्ड काळा पडला. त्या बोर्डाखालच्या टेबलाशी त्यांचा मुलगा रोज अभ्यासाला बसतो. जनावरं आत बांधायला आईने हाक मारली म्हणून तो तेवढ्यात उठून गेला होता. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते सभासद एवढेच म्हणाले, "सायेब, वायर जळली त्याचं काय न्हाई." पुढे ते बोलले नाहीत आणि आम्हालाही काही सुचले नाही.

आता हे घडले कसे ते पाहू. वीज जिथे पडते तिथल्या जमिनीचा दाब क्षणभर हजारो व्होल्टने चढतो. सत्तर मीटरवरच्या घराची जमीन तितकी चढत नाही. मधल्या तांब्याच्या वायरीने आपण हे दोन्ही टोक जोडून ठेवलेले असतात, मग करंट त्याच वाटेने घरात येतो. वीज वायरीवरच पडायला पाहिजे असे नाही. राउटरच्या त्या छोट्या खाचेला साधारण १५०० व्होल्ट सोसण्याची सोय असते, पण आकाशातल्या विजेपुढे ती काहीच नाही. दुसरा धोका बिनपावसाचा. मोटारीच्या केबलचे वेष्टण घासून उघडे पडले, की ४१५ व्होल्टची लाइन शेजारच्या नेटच्या वायरीत उतरते आणि थेट घरात येते. म्हणून मोटारीच्या केबलबरोबर किंवा एकाच पाइपातून ही वायर कधीही नेऊ नये. दोन्हींत निदान फूटभर अंतर ठेवावे, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

तेव्हा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचे तर तांबे नको, फायबर घ्या. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. दोन्ही टोकांना कन्व्हर्टरची एकेक डबी लागते आणि तंतूची टोके यंत्रावर जोडून घ्यावी लागतात. गावात घरोघरी फायबरची जोडणी देणारा माणूस हे काम करतो. घेताना एक विचारा, वायरीच्या कडेला पोलादी तार आहे का? ताण सोसायला काही वायरींत ती घातलेली असते. ती घरापर्यंत आली तर फायबर घेऊन उपयोग काय? बिनधातूची वायर मागून घ्या.

पंपघरावर कॅमेऱ्याला वीज कुठून, हा प्रश्न येईलच. शेतीची लाइन ठरावीक तासच असते, आणि चोर काही लाइट असतानाच येत नाही. तेव्हा लहान सौर पॅनेल आणि बारा व्होल्टची बॅटरी बसवलेली बरी.

तांब्याची वायर एकाच इमारतीपुरती ठेवा, म्हणजे माडीवर, ओसरीवर, भिंतीला लागून असलेल्या गोठ्यात. राउटरपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरच्या आत. बाहेरच्या भिंतीवर काळ्या आवरणाची, बाहेरच्या वापरासाठीचीच वायर घ्यावी. घरात वापरायची करडी-निळी वायर उन्हात तडकते. दुकानात तार चाकूने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. ते स्वस्त पडते, पण लांबवर कॅमेऱ्याला दाब पुरत नाही आणि वाकवले की मोडते. भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडा आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, घरात येणार नाही.

शेतातून फायबर नेताना सरीतून नेऊ नका, बांधाच्या कडेने न्या. सबसॉयलर कुठवर जातो हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोन फूट चर काढून एचडीपीई पाइपातून वायर घाला, उंदीर-घुशींपासूनही बचाव होतो. ठिबकची जुनी लॅटरल घरात पडलेली असते म्हणून पुष्कळजण तीच वापरतात. पण तिला ड्रिपरची भोके असतात, भिंत पातळ असते, आणि एकदा चिखल आत गेला की वायर ओढता येत नाही. पाइपात एक नायलॉनची दोरी जादा सोडून ठेवा, पुढे उपयोगी पडते. वायर जमिनीवर उघडी टाकलीत आणि वर पाचट पेटवलेत, तर काय होईल ते सांगायला नको. (पाचट जाळू नका, हे या निमित्ताने पुन्हा एकदा.)

रस्ता ओलांडताना वरून नेऊ नका. हंगामात भरलेली ट्रॉली आली की वाढ्यात अडकून वायर गेलीच. आणि महावितरणच्या खांबाला कोणतीही वायर बांधू नये. ते बेकायदा तर आहेच, पण खांबावर चढलेला माणूस खाली येईलच असे नाही.

ढग दाटून आले की राउटरचा प्लग आणि बाहेरून आलेली तांब्याची वायर दोन्ही काढून ठेवावीत. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर हात लावू नये, तोवर उशीर झालेला असतो. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाइलवर आहे, ते जवळपास वीज पडण्याचा इशारा देते.

दोन्ही प्रकारच्या वायरींचे तुकडे गट कार्यालयात ठेवले आहेत, खरेदीआधी पाहून जावे. त्या सभासदांच्या विहिरीवर आता फायबर आहे. चर काढायला आम्हीही गेलो होतो, सत्तर मीटरला आख्खा दिवस गेला.