चामड्यासाठी शिलाई मशीन घेताय? आधी फीड बघा, मग भाव

बॅगा, बेल्ट, पाकिटं, लॅपटॉपची कव्हरं हाताने शिवून ऑर्डरी पुऱ्या होईनात, की मशीन घ्यावंच लागतं. दुकानात शिरलात की पहिला शब्द कानावर येतो, 'हेवी ड्यूटी'. या शब्दासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. जीन्स शिवणारं मशीनही हेवी ड्यूटीच असतं आणि चामड्यावर तेच मशीन काम बिघडवतं. तुम्ही आधी एकच विचारा: फीड कोणतं?

साध्या मशीनमध्ये माल फक्त खालचे दाते ओढतात. चामड्याचे दोन थर घातले की खालचा पुढे जातो, वरचा फुटाखाली अडतो. शेवटाला कडा जुळत नाहीत आणि खालच्या बाजूला दात्यांचे वळ उमटतात. 'वॉकिंग फूट'मध्ये वरचा फूटही माल पुढे नेतो. 'कंपाउंड फीड'मध्ये दाते, आतला फूट आणि चामड्यात रुतलेली सुई ही तिन्ही एकदम मागे जातात, त्यामुळे थर सरकायला वावच राहत नाही. मध्यम जाडीच्या चामड्याला हेच हवं. बाजारात दोन्ही प्रकार 'वॉकिंग फूट' म्हणून विकले जातात, म्हणून चाक स्वतःच्या हाताने सावकाश फिरवा. खाली गेलेली सुई दात्यांबरोबर मागे सरकली तर कंपाउंड फीड. जागच्या जागी वरखाली होत राहिली, तर नाही.

त्याआधी घरचं काम करून जा. मध्यम चामडं म्हणजे ढोबळमानाने दोन ते सव्वातीन मिलिमीटर. पण मशीनला एका थराशी देणंघेणं नसतं, सुईखाली एकावेळी किती येतं ते महत्त्वाचं. तुमच्या मालातली सगळ्यात जाड जागा शोधा. बहुतेकदा ती बॅगच्या बंदाची मुळाशी दुमडलेली पट्टी असते. दीड मिलिमीटरचे चार थर म्हणजे सहा झाले. व्हर्नियर कॅलिपरने मोजा, आकडा लिहून न्या. कडा छिलून पातळ केल्या तर हाच आकडा बराच उतरतो, आणि छिलाई मोठ्या मशीनपेक्षा खूप स्वस्त पडते. एकूण जाडी आठ मिलिमीटरच्या आत राहत असेल तर कंपाउंड फीडचं सपाट मशीन पुरतं. त्यावर गेलात की जुकी या जपानी कंपनीच्या टीएससी-४४१ च्या जातीची जड मशिनं लागतात, त्यांचा भाव निराळा आणि पातळ पाकिटाला ती त्रासदायकच. कोल्हापुरी चपलेच्या तळाची शिलाईही सपाट मशीनवर होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो तळ हाताने, चामड्याच्याच वादीने शिवतात.

जाडीच्या बाबतीत एक फसगत नेहमीची. जुकीच्या डीएनयू-१५४१ या सपाट कंपाउंड फीड मशीनच्या माहितीपत्रकात गुडघ्याच्या दांडीने फूट १६ मिलिमीटर उचलला जातो असं लिहिलेलं असतं. विक्रेता तोच आकडा 'एवढं जाड शिवतं' म्हणून सांगतो. ती फक्त माल आत सरकवायची जागा आहे, शिवायची जाडी नव्हे.

आकार तीन. सपाट बेड: बेल्ट, पाकिटं, फोल्डर, बॅगचे सुटे भाग. सिलिंडर बेड: बॅग जोडल्यावर तिचे कोपरे, गोल तोंड. पोस्ट बेड: चपला-बुटांचे वरचे भाग. पहिलंच मशीन असेल तर सपाट घ्या. खोक्यासारख्या उभ्या बॅगाच करत असाल तरच सिलिंडरला हात घाला आणि वर बसणारं सपाट टेबल त्यातच मागा.

आता पैसे. खालचे आकडे ठोकताळ्याचे आहेत, शहर आणि डीलर बदलला की बदलतात, म्हणून तीन ठिकाणची लेखी कोटेशनं घ्या. चिनी बनावटीचं सपाट कंपाउंड फीड साधारण ४० ते ७० हजार. जुकी १५४१ च्या दर्जाचं नवं मशीन लाखाच्या घरात किंवा वर. महिन्यातून चार बॅगा शिवणाऱ्याने जुकी घेऊ नये, पैसा अडकतो. रोज सहा-आठ तास मशीन चालणार असेल तर मात्र स्वस्ताच्या मोहात पडू नका. जपानी मशीनचे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात आणि विकायला काढलं तरी भाव येतो.

हा भाव बऱ्याचदा नुसत्या 'हेड'चा असतो. टेबल, स्टँड, मोटर, गुडघ्याची दांडी, दोरा स्टँड, दिवा हे सगळं वेगळं धरलेलं असतं. 'पूर्ण सेट, घरी बसवून, चालू करून' असा एकच आकडा मागा. जीएसटी त्यात धरलाय का ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिलाई मशीनवर ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढे केलं तर परत करा. मोटरचं वेगळं बिल केलं तर तिला १८ टक्के लागतात. मग हमाली आणि टेम्पो. टेबलासकट हा ऐवज जड होतो, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल तर हमालीचा आकडा आधीच ठरवा.

मोटरवर घासाघीस करू नका. क्लच मोटर स्वस्त, पण बटण चालू असेपर्यंत गरगरत राहते, वीज खाते, आणि पायाने हळू चालवणं फार सरावाचं काम. चामड्यात एकदा पडलेलं भोक बुजत नाही. कोपऱ्यावर एकेक टाका मोजून घ्यावा लागतो, तिथे पाय जरा जास्त दाबला गेला की तुकडा वाया. सर्व्हो मोटर घ्या. साध्या सर्व्होला साधारण चार ते आठ हजार पडतात, वेग ठरवायचा खटका असतो आणि पाय उचलला की ती थांबते. फक्त स्वस्त सर्व्होला अगदी कमी वेगात जोर राहत नाही, जाड जागी सुई अडकून बसते. त्यावर मोटरची पुली लहान करणं किंवा वेग कमी करणारी जोडपुली बसवणं हा उपाय, पण तो घेतानाच करून घ्या.

सुई-दोऱ्याबाबत डीलर तुम्हाला अर्धवट सांगतो. अशा बहुतेक मशिनांना १३५×१७ जातीची सुई लागते. कपड्याच्या कारखान्यातली डीबी×१ बसत नाही. चामड्यासाठी टोक कापणारं असतं, त्या जातीला १३५×१६ म्हणतात. दोरा बॉन्डेड नायलॉनचा. टेक्स ७०ला ११० नंबरची सुई, टेक्स १३५ला १४०ची. दुकानात टिकिट नंबर सांगतात, तो उलटा चालतो: टिकिट ४० बारीक, टिकिट २० जाड. टेक्स १३५ वरचा दोरा रोज वापरणार असाल तर तोच दोरा लावून चाचणी घ्या. दहा सुयांची पाकिटं दोन मापांत, डझनभर बॉबिन आणि गुळगुळीत तळाचा जादा फूट सौद्यातच मागून घ्या. पैसे भरल्यावर यातलं प्रत्येक बिलात वेगळं येतं.

जुनं मशीन निम्म्या किमतीत मिळतं आणि चांगलंही असू शकतं. उल्हासनगरच्या जीन्स पट्ट्यातून बंद पडलेल्या युनिटची मशिनं विकायला येतात, पण त्यातली बरीच खालच्या दात्यांवरच चालणारी असतात. मशीन कारखान्यातून आलं असेल तर मोटर थ्री फेज आहे का बघा. घरच्या सिंगल फेजवर ती चालणार नाही, म्हणजे नव्या मोटरचे पैसे पहिल्याच दिवशी. सुईपट्टी काढायला लावा, हुकाच्या टोकावर नख फिरवा. खरखर लागली तर दोरा तुटत राहणार. सुईची दांडी बोटांनी हलवून बघा, ढिली लागली तर उठा. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, त्याला त्याचे पैसे द्या. डीलरचाच माणूस नको.

नवं असो वा जुनं, चाचणी तुमच्याच चामड्यावर. कापडाच्या चिंधीवर टीप मारून दाखवतात, ती कुठलंही मशीन मारतं. एक फूट लांबीच्या दोन पट्ट्या न्या, कडा जुळवून, न चिकटवता शिवायला सांगा. शेवटी दोन्ही टोकं बरोबर आली पाहिजेत. मग ती जाड जागा: पातळ भागावरून सुरू करून चार थरांवर चढवा आणि खाली उतरवा. चढताना टाका लहान होतो का? उतरताना टाका सुटतो का? त्यानंतर उलटा टाका घाला, सुई जुन्याच भोकांत उतरली पाहिजे. शेवटी तुकडा उलटा करून खालची टीप बघा. तिथे दोऱ्याचे फास लोंबत असतील आणि टेन्शन लावूनही जात नसतील, तर भाव कितीही पाडून दिला तरी नको.

कर्ज काढणार असाल तर मशीन आधी घेऊ नका. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेचं पहिलं अनुदान नव्या उद्योगालाच मिळतं, आधीपासून चालू असलेल्या युनिटला नाही. चपला-बुटांचे कारागीर असाल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा: अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, शिवाय ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखापर्यंत आणि दुसरं दोन लाखांपर्यंत. नोंदणी सीएससी केंद्रात आधारवर होते. चर्मकार समाजातल्या अर्जदारांनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करावी. आधार, पॅन, बँक पासबुक आणि मशीनचं कोटेशन तयार ठेवा, जातीनुसार असलेल्या योजनेसाठी जातीचा दाखलाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळं आणि एजंट यांच्यापासून दूर राहा.

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. थोडी बयाण्याला, बाकीची मशीन घरी बसून तुमच्या चामड्यावर चालल्यावर. बिलावर मॉडेल, हेडवर कोरलेला सिरियल नंबर, मोटरचा तपशील आणि डीलरचा जीएसटी क्रमांक हवा, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख हवी. पहिल्या वर्षात मेकॅनिक किती वेळा फुकट येईल तेही बिलावरच लिहून घ्या. यातलं काही राहिलं असेल तर उरलेले पैसे देऊ नका.