यादी मॉलची, वही वाण्याची

लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला आणि आमच्या गल्लीतली वाण्याची दुकानंही राहिली. दोन्हीकडे खरेदी करता करता जे उमगत गेलं, ते हे.

१. मॉल आला म्हणून वाण्याचं दुकान लगेच बंद पडत नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. दिल्लीच्या ‘इक्रिअर’ या संस्थेचा २००८ मधला अभ्यासही तेच सांगतो. मोठ्या दुकानांजवळच्या छोट्या दुकानदारांचा धंदा आधी घटतो, पुढे फटका ओसरत जातो. या स्पर्धेपायी बंद पडणारी दुकानं वर्षाला शेकडा दोनहून कमी. पण टिकणं म्हणजे बरं चालणं नव्हे.

२. वाण्याच्या हातून आधी जाते ती महिन्याची यादी. पगार झाला की तांदूळ, डाळ, तेल, साबण मॉलमधून येतं. वाण्याकडे उरते पाव किलो साखर, काडेपेटी, शाम्पूची पुडी. दुकानापुढे माणसं तेवढीच दिसतात, गल्ला मात्र हलका होतो.

३. महाग विकणारा वाणी लबाड असतोच असं नाही. मॉलवाला कंपनीकडून ट्रकभर माल थेट उचलतो. वाणी घाऊक व्यापाऱ्याकडून पेटी-दोन पेट्या आणतो. छापील किंमत दोघांना एकच, पण सूट द्यायची ऐपत एक नाही.

४. उधारीची वही रोखीच्या गिऱ्हाइकांवर चालते, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. १९८२ च्या गिरणी संपात इथल्या वाण्यांनी पगार थांबलेल्या घरांना उधारीवर धान्य दिलं. जुनी माणसं ते अजून सांगतात. असा भार पेलायला गल्ल्यात रोकड यावी लागते. आज रोख मॉलमध्ये जाते आणि उधारी वाण्याकडे राहते. वाणी हात आखडता घेतो, तेव्हा अडतं ते घरकाम करणाऱ्या बाईचं, रोजंदारीवरच्या माणसाचं. माझ्या सवलतीची किंमत कुणीतरी तिसराच मोजत असतो.

५. नुसत्या जिव्हाळ्यावर दुकान चालत नाही. वाणी आपल्याला नावानं ओळखतो, निरोप ठेवतो, याचं कौतुक आपण सगळेच करतो. त्या कौतुकातून दुकानाचं भाडं निघत नाही. मॉलमध्ये जायला हरकत नाही, मीही जातो. पण महिन्याच्या यादीतलं निदान तांदूळ, डाळ, तेल गल्लीतल्या वाण्याकडून घ्या, आणि रोखीनं घ्या.