तळघरातील गालिचा आणि अदृश्य ओल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग व कॅनडा येथे हिवाळ्यात जमिनीतील पाणी बरेच खोलवर गोठते. गोठताना ते फुगते आणि उथळ पाया वर उचलते. यास्तव घराचा पाया या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटा राज्याच्या बांधकाम-नियमांप्रमाणे ही खोली उत्तर भागात ६० इंच व दक्षिण भागात ४२ इंच आहे. एवढे खणल्यावर आणखी थोडे खणून एक संपूर्ण खोली पदरात पाडून घ्यावी, हा विचार साहजिकच आहे. म्हणून तेथील पुष्कळ घरांना तळघर असते. पूर्वी तेथे कोळसा, भट्टी आणि अडगळ असे. पुढे कुटुंब वाढले की तेथेच मुलांची खोली करण्याचे ठरते आणि थंडगार काँक्रीटवर गालिचा अंथरला जातो. वर्ष-दोन वर्षांत खोलीला कुबट वास येऊ लागतो, आणि गालिचा उचलून पाहिला तर खालचा पृष्ठभाग बुरशीने काळवंडलेला आढळतो. पाणी तर कोठेच सांडलेले नसते!

ही ओल दोन मार्गांनी येते. पहिला मार्ग जमिनीतून वर येणारा आहे. काँक्रीटमध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून पाणी, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, वर चढते. उघड्या फरशीवरून ते हवेत उडून जाते, त्यामुळे फरशी कोरडी भासते. तिच्यावर आच्छादन पडले की उडून जाण्याची वाट अडते आणि ओल तेथेच साचत राहते.

दुसरा मार्ग हवेतून येणारा आहे आणि बहुतेक लोक येथेच फसतात. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, ते तांब्या पाझरल्यामुळे नव्हे. हवेचे तपमान २८ अंश सेल्सिअस व आर्द्रता शेकडा ७० असेल, तर सुमारे २२ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव जमते. जमिनीला टेकलेली तळघराची फरशी भर उन्हाळ्यातही १८ अंशांच्या आसपास असू शकते. अशा दिवशी ‘हवा खेळू द्यावी’ म्हणून खिडक्या उघडणारा गृहस्थ तळघर सुकवीत नसून भिजवीत असतो.

थेंब दिसले नाहीत तरी निर्धास्त राहता येत नाही. खोलीत २२ अंश तपमान व शेकडा ६० आर्द्रता आहे असे धरू. तीच हवा १८ अंशांच्या उघड्या फरशीला टेकते तेव्हा तिची आर्द्रता शेकडा ७७ होते. आता गालिचा घातला. तो खोलीची ऊब फरशीपर्यंत पोचू देत नाही. फरशी १६ अंशांवर उतरली, तर गालिच्याखालची आर्द्रता शेकडा ८७ होते. शेकडा ८० च्या वर आर्द्रता दीर्घकाळ टिकली की बुरशी वाढू लागते. पायांना जी ऊब मिळते, तिचे मोल फरशी थंड होऊन चुकवीत असते.

म्हणून गालिचा विकत घेण्यापूर्वी परीक्षा करावी. सुमारे १८ इंच चौरस, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने फरशीवर घट्ट बसवून किमान १६ तास ठेवावा. तुकड्याच्या खाली ओल आढळली तर ती जमिनीतून येत आहे. वरच्या बाजूस आढळली तर हवेतून. या परीक्षेवरून केवळ त्या दिवसाची स्थिती कळते, म्हणून पावसानंतर ती पुन्हा करणे इष्ट.

जमिनीतील ओलीचा उपाय पुष्कळदा घराबाहेरच असतो. भोवतालची जमीन भिंतीपासून दूर उतरती करावी आणि छपराच्या पन्हळीचे पाणी पायापाशी न सोडता लांब न्यावे. हवेतील ओलीसाठी उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवून आर्द्रताहारक यंत्र चालवावे. वरच्या उदाहरणात खोलीची आर्द्रता शेकडा ५० वर आणली, तर गालिच्याखाली ती सुमारे ७३ च राहते. याहून चांगली योजना म्हणजे फरशीवर पॉलिस्टायरीन फोमचे तक्ते सांधे बंद करून बसवणे आणि त्यांवर प्लायवूड घालणे. मग गालिच्याची खालची बाजू उबदार राहते.

प्रत्यक्ष अंथरणीचे काम त्या मानाने सोपे आहे. लोकर किंवा तागाच्या अस्तरापेक्षा कृत्रिम धाग्यांचा गालिचा येथे बरा. भिंतीलगत, थोडी फट सोडून, खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या ठोकतात. खिळ्यांची टोके भिंतीकडे झुकलेली असतात, त्यामुळे ताणून बसवलेला गालिचा सुटत नाही. काँक्रीटमध्ये खिळे ठोकल्यास टवके उडतात. प्लायवूड असल्यास हा त्रास वाचतो. ज्या तळघरात कधीकाळी पाणी शिरले आहे, तेथे अखंड गालिच्याऐवजी त्याचे सुटे चौकोनी तुकडे वापरणे शहाणपणाचे, कारण भिजलेले तेवढेच उचलून वाळवता येतात. हे वाळवणे २४ ते ४८ तासांत झाले पाहिजे. त्यानंतर बुरशीने मूळ धरलेले असण्याचा संभव असतो, आणि तिच्या सूक्ष्म बीजाणूंमुळे दमेकऱ्यांचा विकार बळावू शकतो.