मापात पाप : रबरी गर्डलच्या जाहिराती

स्त्रियांची अंतर्वस्त्रे हा काही वार्षिकांकातील अभ्यासलेखाचा विषय नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या अमेरिकेतील जाहिराती अभ्यासताना मला तो टाळता आला नाही.

त्यापूर्वी पाश्चात्त्य स्त्रिया पोलादाच्या किंवा देवमाशाच्या तोंडातून काढलेल्या पट्ट्या घातलेले कॉर्सेट नाड्यांनी आवळीत. १९२० नंतर सरळ, सडपातळ बांध्याची फॅशन आली आणि कंबर व नितंब दाबून धरणारे रबरी गर्डल पुढे आले. १९३१ साली ‘लास्टेक्स’ आले. रबराच्या चिकाच्या बारीक धाग्यावर सूत, रेशीम किंवा रेयॉन गुंडाळून ते तयार होई. त्याचे कापड आडवे-उभे दोन्हीकडे ताणले जाई, त्यामुळे बसणे-वाकणे सुसह्य झाले. इथपर्यंत ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

जाहिराती मात्र सोयीवर थांबल्या नाहीत. ‘फोटोप्ले’सारख्या सिनेमासिकांत १९३० च्या दशकात ‘परफोलास्टिक’ या सच्छिद्र रबरी गर्डलची जाहिरात येई. दहा दिवसांत कंबर व नितंबांचा घेर तीन इंचांनी कमी झाला नाही, तर एक पैसाही पडणार नाही, असे तिचे वचन! चालता-बसता रबर अंगाला मालीश करते आणि चरबी झडते, असा खुलासाही सोबत असे. खालचे कूपन कापून पाठवले की पुस्तिका व रबराचा नमुना घरपोच मिळे. आता रबराखाली घाम येतो, हे खरे. पण पाणी प्यायले की ते वजन परत येते. मालीश करून चरबी जात नाही. मोजपट्टी गर्डलवरून लावली तर घेर कमी भरणारच, त्यात नवल ते काय?

मग कायदा काय करीत होता? ‘मार्मोला’ या वजन घटवण्याच्या गोळ्यांची जाहिरात दिशाभूल करणारी आहे म्हणून व्यापार आयोगाने रालाडॅम कंपनीला ती बंद करण्याचा आदेश दिला होता. १९३१ साली, म्हणजे लास्टेक्सच्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. कारण, प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचे नुकसान झाल्याचे आयोगाने सिद्ध केले नव्हते. माझी आई शाळेत गेलेली नाही. हा निकाल मी तिला समजावून सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “वाण्यानं माप मारलं तर शेजारच्या वाण्याला विचारायचं व्हय? मग घेणारणीचं काय?”

आईच्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या काँग्रेसने १९३८ साली दिले. व्हीलर-ली कायद्याने प्रतिस्पर्ध्याचे नुकसान दाखवण्याची अट काढली आणि ग्राहकाची फसवणूक हेच कारवाईला पुरेसे कारण ठरले. औषधे, सौंदर्यप्रसाधने व उपचाराची साधने यांच्या खोट्या जाहिरातींसाठी त्यात वेगळी कलमे घातली गेली.