पावतीवर अठरा टक्के

“वहिनी, आधी नीट बघायचं ना,” दीर म्हणाले. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, ऑफिसातल्यांनी तर आळीपाळीनं म्हणून घेतलं. म्हणून पहिलं हेच सांगते, की बघितलं होतं. ऑनलाइन एमबीएला प्रवेश घेण्याआधी विद्यापीठ खरं आहे का, बघितलं. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी काढते, तिच्यात नाव नव्हतं. नॅकची श्रेणी चांगली होती. कोर्स विकणाऱ्या कंपनीतल्या, समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलाला फोनवर विचारलं, मग व्हॉट्सॲपवर लेखी विचारलं, “ही एमबीएची पदवीच ना? नुसतं सर्टिफिकेट नाही ना?” त्यानं लिहिलं, “१०० टक्के डिग्री मॅम, यूजीसी अप्रूव्ड.” याहून जास्त काय विचारायचं असतं ते कुणीतरी मला सांगावंच.

मान्यतेचा पुरावा मागितला, तर त्यानं यूजीसीच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवला. विद्यापीठाचं नाव आणि पुढे एमबीए, सगळं ठीक. फक्त वरचं शीर्षक कापलेलं. त्या शीर्षकातच सगळी मेख होती. यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर दूरशिक्षण वेगळं आणि ऑनलाइन वेगळं दाखवलेलं असतं. मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती अमुक अभ्यासक्रमाला, अमुक पद्धतीसाठी आणि ठरलेल्या सत्रांपुरती असते. या विद्यापीठाला एमबीए दूरशिक्षणानं चालवायची परवानगी होती, ऑनलाइनची नव्हती. त्यातून ते परराज्यातलं खासगी विद्यापीठ. अशा विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच देता येतं. ऑनलाइनला ती हद्द नाही, म्हणून तर सगळी जाहिरात ‘ऑनलाइन’ शब्दावर. पिंपरीत बसलेल्या बाईला दुसऱ्या राज्याच्या दूरशिक्षणाचा कागद दाखवून ऑनलाइन एमबीए विकली, आणि नीट बघायला हवं होतं ते म्हणे मी.

त्या मुलाचं बोलणं मात्र मधाळ. फोन रात्री नऊच्या पुढे, भांडी आवरायच्या वेळी. “मॅम, तुमच्यासाठी सीट ब्लॉक केलीय.” “मॅम, सिनियरशी भांडून स्कॉलरशिप काढलीय, पण ती आज रात्री बारापर्यंतच.” ऑनलाइन वर्गात कसली आलीय सीट? शिष्यवृत्ती कशाची, हे विचारलं तर म्हणाला, “तुमची प्रोफाइल खूप स्ट्राँग आहे.” माझी प्रोफाइल म्हणजे बी.कॉम. आणि स्टोअर्समधून हिशेब विभागात झालेली बदली.

मी एका कारखान्यात बिलं तपासते. आमची कंपनी पदवीच्या शिक्षणाची निम्मी फी परत देते, त्यासाठी मला पावती हवी होती. पैसे भरल्यावर आलं होतं ते ‘पेमेंट सक्सेसफुल’ एवढंच पान. पावतीसाठी मेल, मग तिकीट, मग तिकिटाचं तिकीट, असं करत ती आली तेव्हा पहिलं सत्र संपत आलं होतं. दुपारची वेळ, समोर व्हेंडरच्या बिलांचा गठ्ठा, त्यातच मी हिचीही प्रिंट काढली. नाव विद्यापीठाचं नव्हतं, त्या मुलाच्या कंपनीचं होतं. ते एक वेळ चाललं असतं. पण खाली फी १,००,०००, त्यावर अठरा टक्के जीएसटी १८,०००, आणि सेवेचा कोड ९९९२९३.

ज्यांचा बिलांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. कायद्यानं मान्य असलेल्या पदवीच्या शिक्षणासाठी विद्यापीठ विद्यार्थ्याकडून जी फी घेतं, तिच्यावर जीएसटी लागत नाही. तो कोड कोचिंग क्लास आणि व्यावसायिक प्रशिक्षणाचा आहे. म्हणजे मला काय विकलंय ते त्यांच्याच हिशेब खात्यानं स्वच्छ लिहून दिलं होतं. त्या कंपनीत खरं बोलणारा तेवढा एकच निघाला, आणि तोही बहुधा संगणक असावा. मी ती पावती बाजूला ठेवली, एका व्हेंडरचं बिल पास केलं, पुन्हा उचलली. हातापायांतलं बळ गेलं. सहीसाठी आलेल्या शिपायानं विचारलं, “मॅडम, बरं वाटत नाही का?”

विद्यापीठाला फोन लावला. तिथल्या बाईंनी निदान घोळवलं नाही. “आमच्याकडे तुमची नोंदणी नाही. त्या कंपनीशी आमचा करार प्रमाणपत्र अभ्यासक्रमापुरता आहे.” समुपदेशकाला लावला तर, “मॅम, मी आता त्या टीममध्ये नाही.” नव्या माणसानं शांतपणे समजावलं, की हे एमबीएच्या दर्जाचं पहिलं वर्ष, ते झालं की विद्यापीठात प्रवेश, त्याची फी अर्थातच वेगळी. “टर्म्समध्ये आहे मॅम.” टर्म्स मी शोधल्या. होतं, खरंच होतं, पार तळाशी. लेखी दिलेल्या ‘१०० टक्के डिग्री’बद्दल विचारलं तर म्हणाला, ते त्या एक्झिक्युटिव्हचं वैयक्तिक मत असेल. पगार कंपनीचा, आणि मत तेवढं वैयक्तिक!

आता ज्यांना प्रवेश घ्यायचाय त्यांनी डीईबीच्या संकेतस्थळावर स्वतः जावं. कुणी पाठवलेला स्क्रीनशॉट, पीडीएफ, लिंक यांतलं काही धरू नये. यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, पद्धत आणि सत्र या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. दुसरं, २०२४ पासून दूरशिक्षण किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला यूजीसीच्या पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या आयडीशी जोडलेला असतो. माझ्याकडे तो कुणी मागितलाच नाही. कसा मागतील? प्रवेश झालाच नव्हता. तुमच्याकडे मागितला नाही, किंवा “आम्ही काढून देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा” असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवा.

‘पार्टनर’ शब्दालाही भुलू नका. यूजीसी आणि एआयसीटीई या दोघांनी २०२२च्या जानेवारीतच बजावलंय, की दूरशिक्षणाचे आणि ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीनं चालवता येणार नाहीत. कंपनीनं सॉफ्टवेअर पुरवावं, पण प्रवेश, परीक्षा, पदवी हे सगळं विद्यापीठाचंच हवं. म्हणून फीही थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा आणि पावती आधी बघा. पावतीवर जीएसटी दिसला तर तिथेच थांबा.

नॅकची श्रेणी संस्थेची असते, तुमच्या अभ्यासक्रमाची नाही. अभियांत्रिकी, कायदा, नर्सिंग, फार्मसी यांची पदवी ऑनलाइन मिळत नाही, कुणी काहीही सांगो. मानसशास्त्र आणि आहारशास्त्रही २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद झालंय. घाई करू नका, घरच्यांशी बोला, हे तर सगळेच सांगतात.

पैशाचं मात्र नीट ऐका. मला ‘नो कॉस्ट ईएमआय’ सांगितलं होतं, कर्ज हा शब्दही नाही. ओटीपी दिला आणि एका वित्त कंपनीचा मेसेज आला, लोन सँक्शन. त्या वित्त कंपनीनं सगळी रक्कम एकदम कोर्सवाल्यांना दिली, आणि आता मी हप्ते भरते. कोर्स कसा निघाला याच्याशी वित्त कंपनीला काही देणंघेणं नसतं. बँकेचं मँडेट रद्द केलं म्हणून कर्ज मिटत नाही. हप्ता बाउन्स होतो, दंड लागतो, सिबिल बिघडतं. ओटीपी देण्याआधी मुख्य तथ्य विवरण, म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, मागा. कर्ज कुणाचं, व्याज किती, सुरुवातीला किती दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडता येतं, हे त्यात लिहावंच लागतं.

आणि मुळात, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. त्यांचे फोन रात्री नऊला येत नाहीत. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरावी, असं यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. “ओपनची डिग्री कोण विचारतं,” हे मला त्या मुलानंच सांगितलं होतं. त्याच्या डिग्रीला कोण विचारतं ते मी बघितलं.

फसलातच तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वित्त कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ग्राहक आयोगाची भीती बाळगू नका. २०१९च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. गप्पा डिलीट करू नका, सगळ्या एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा. माझ्या दाव्यात ते मेसेज जोडलेत.

दाव्याची नोटीस गेल्यावर कोर्सवाल्या कंपनीचा सूर बदलला. निम्मे पैसे परत देतो म्हणाले, सोबत एक कागद पाठवला. पुढे कुठेही तक्रार करणार नाही, आधीची मागे घेईन आणि या व्यवहाराबद्दल कुणाशी बोलणार नाही, असा मजकूर. नवरा म्हणाला, घेऊन टाक, डोक्याचा ताप जाईल. मी सही केलेली नाही. हप्ते चालू आहेत, दावाही चालू आहे.