पहिल्या सेमिस्टरचं पंचांग

मालवणच्या किनाऱ्यावरचं पोर शिकायला बाहेर पडतं ते नेमकं घरात पैसा नसतो तेव्हा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, जाळी आवरलेली, आंब्याचे पैसे छप्परदुरुस्तीत आणि लग्नकार्यात केव्हाच संपलेले. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मग हळूहळू हातात काही खेळायला लागतं. कॉलेजची फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा पहिला महिना मात्र त्याच्या आतच भरायचा असतो. २०१९ साली मी आचऱ्याजवळच्या वाडीतून पुण्याला इंजिनीअरिंगला गेले, त्या वर्षी नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या मध्याला होती. बाबा रापणीतले, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यातले, भागीदार. त्यांनी फी जुलैतच भरली. पैसे कुठून आणले, हे दिवाळीपर्यंत मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की वाडीतली मुलं, त्याहून जास्त त्यांच्या आया, मला फोन करतात. ‘कॉलेज चांगला आसा मा?’ हा पहिला प्रश्न. कॉलेज बहुतेक वेळा ठीकच असतं. हुशारीचाही प्रश्न नसतो. कोकण मंडळ स्वतंत्र झाल्यापासून बारावीच्या निकालात आपण राज्यात पहिले. २०१९ ला राज्याचा निकाल ८५.८८ टक्के लागला, आपला ९३.२३. तरीही पहिल्या सेमिस्टरला आपली मुलं अडखळतात, आणि मला विचाराल तर ती तारखांवर अडखळतात. घरचं वर्ष आणि कॉलेजचं वर्ष एकमेकांशी जुळत नाही. ही दोन पंचांगं शेजारी ठेवून कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कागदांपासून सुरुवात करते, कारण ते घर सोडायच्या आधीच उरकता येतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना यातला एक जरी कागद नसला तरी अर्ज तिथेच थांबतो. अर्ज मंजूर होऊनही खातं आधारशी जोडलेलं नाही म्हणून पैसे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. माझा उत्पन्नाचा दाखला मी निघाले तेव्हा सेतू केंद्रात होता. ‘झालो की पाठवतंव’ म्हणून घरच्यांनी सांगितलं. तो झाला आणि त्याच आठवड्यात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. कोल्हापूर-सांगलीच्या त्या पुरात पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद होता. आपल्याकडून पुण्याला जायचं तर फोंडा घाट नाहीतर गगनबावडा, पुढे कोल्हापूर. म्हणजे दाखला कणकवलीच्या कुरियरवाल्याकडे पडून आणि कॉलेजच्या खिडकीवरची बाई रोज ‘उद्या शेवटची तारीख’ म्हणणार. शेवटी तो रेल्वेने मुंबईला गेला आणि तिथून आतेभावाने आणून दिला. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातून कागद हलवायचा म्हणजे असं होतं. म्हणून जूनमध्येच सेतूच्या रांगेत उभे राहा, आणि प्रत्येक दाखल्याच्या पाच प्रती फाइलला लावून न्या. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, यांचे नियम मे महिन्यात वाचून ठेवलेले बरे. मुलींनी तर वाचावेतच. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून सरकारने पूर्ण माफ केलं आहे. माझ्या वेळी हे नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

राहायच्या जागेबद्दल थोडक्यात. सरकारी किंवा कॉलेजचं वसतिगृह मिळत असेल तर नळाला पाणी कमी, खोली लहान असली कारणं काढू नका, घ्या. मला मिळालं नाही, म्हणून मी कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत तीन कॉट, एक कपाट, आणि करारबिरार काही नाही. सोडताना निम्मं डिपॉझिट ‘रंगकामाला’ गेलं. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा आणि ती जबाबदारी मालकाची, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो. कॉट बेसिसवाल्यांना हे सांगून बघा, हसतील. निदान डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यातून पाठवा, आणि पहिल्याच दिवशी भिंतींचे फोटो काढून ठेवा.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेर पडणाऱ्याला ती क्षुल्लक बाब वाटते. पुण्याच्या मेसमध्ये दोन वेळा पोळ्या, वाटीभर भात, बटाटा आणि उसळ. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. सकाळी उकड्या तांदळाची पेज पिऊन वाढलेल्या पोटाला हे आठवडाभर नवलाचं वाटतं, मग ते कुरकुरायला लागतं. माझ्या आईने सुकट दिली होती. तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, स्टीलच्या डब्यात, डब्यावर पुन्हा फडकं. तिसऱ्या दिवशी लातूरची माझी पार्टनर, जन्मात मासा न खाल्लेली, खिडकी उघडून उभी राहिली आणि अतिशय सभ्यपणे म्हणाली, ‘ताई, काहीतरी मेलंय का इथे?’ सुकट त्या संध्याकाळी वॉचमनकाकांकडे गेली. ते राजापूरचे निघाले, त्यांना आनंद झाला. तेव्हा सुके मासे नेऊ नका. न्यायचंच तर कोकमाचं आगळ न्या, कुळथाचं पीठ न्या, मालवणी मसाला न्या, आणि उकडे तांदूळ दोन किलो. जागामालक परवानगी देत असेल तर लहान कुकर ठेवा. रविवारी संध्याकाळी पेज आणि भाजलेला पापड एवढं मिळालं तरी पुढचा आठवडा जातो. मेसचे पैसे आधी पंधरा दिवसांचेच द्या. महिन्याचे घेतल्याशिवाय जेवू देणार नाही म्हणणारा मेसवाला शक्यतो टाळावा.

आता चतुर्थी. खरा घोळ इथे आहे.

बारावीला एका परीक्षेसाठी अख्खं वर्ष होतं. सेमिस्टर म्हणजे यूजीसीच्या हिशेबाने कामाचे सुमारे ९० दिवस, आणि पहिल्या वर्षाला तेवढेही हाती लागत नाहीत, कारण कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्या लांबत राहतात. त्या तुटपुंज्या दिवसांच्या बरोबर मधोमध गणपती. पुण्यातही गणपती असतो, ढोलताशे असतात, पण कॉलेजला सुट्टी एखाददुसरा दिवस. आपल्याकडे मात्र गणपतीवरची माटवी बांधण्यापासून विसर्जनापर्यंत घर सोडायचं नाव नाही. पाच दिवसांचा गणपती असला तरी आरत्या, भजनं, फुगड्या, शेजारघरचे गणपती धरून आठ-दहा दिवस सहज जातात. २०१९ ला चतुर्थी २ सप्टेंबरला होती. मी आदल्या शुक्रवारी निघाले. येताना गाडी मिळेना. गौरी-गणपतीनंतर मुंबई-पुण्याकडे परतणाऱ्यांची जी झुंबड असते तिच्यात मी जमेल त्या एसटीत उभी राहून आले. तोवर वर्गात एम-वनचं, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचं, दुसरं युनिट, फूरिअर सिरीज, शिकवून झालं होतं.

हे नीट समजून घ्या. आमच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये सेमिस्टरच्या मधली इन-सेम ३० गुणांची, शेवटची एंड-सेम ७० गुणांची. इन-सेमला पहिली दोन युनिटं, प्रत्येकी १५ गुण. म्हणजे जो भाग बुडाला तो नेमका अर्धा पेपर. बारावीला बुडालेला धडा दिवाळीच्या सुट्टीत किंवा क्लासच्या सरांकडून भरून निघायचा. इथे सर पुढच्या युनिटला गेले की मागे वळत नाहीत, आणि एंड-सेमला ती दोन युनिटं येतच नाहीत, म्हणून मित्रमैत्रिणीही ती वही बंद करतात. माझा एम-वन राहिला. पुढच्या मेमध्ये काढू म्हटलं, तर मार्च २०२० ला टाळेबंदी आली आणि तो विषय पुढे खूप काळ मानेवर बसून राहिला. कॅम्पसच्या वेळी फॉर्मवर ‘लाइव्ह बॅकलॉग’ असा एक रकाना असतो. कंपनी मार्क बघायच्या आधी तो बघते.

याचा अर्थ चतुर्थीला जाऊ नका, असं मी कुणालाही सांगणार नाही; सांगितलं तर ऐकणारही कोण? जा, पण हिशेबाने. कॉलेज ठरलं की लगेच चतुर्थीची तारीख त्याच्या शैक्षणिक वेळापत्रकावर मांडा. २०२६ ला ती १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं. म्हणजे जुलैच्या मध्याला तिकिटं सुटणार, तेव्हा तुमचं कॉलेज कुठलं हेही ठरलेलं नसेल. मुंबईला असाल तर कोकणकन्या किंवा तुतारीवर डोळा ठेवा. पुण्याहून एसटी हाच भरवशाचा मार्ग, आणि मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. कुठूनही निघा, पण येण्याचं तिकीट आधी काढा, जाण्याचं मागाहून. जायला कसंही जमतं, उत्साह असतो. निघायच्या आधी वर्गात एकजण असा हेरून ठेवा ज्याचं घर शहरातच आहे आणि जो रोज वर्गात असतो. त्याच्याकडून त्या त्या दिवशी वहीच्या पानांचे फोटो मागवा, एकदम दहा दिवसांचे नकोत. बदल्यात खाजा आणा. आमच्याकडच्या खाज्यावर कितीतरी मुलांची जर्नल्स पूर्ण झाली आहेत. आणि ७५ टक्के हजेरीत ते दिवस धरून ठेवा. त्याआधी उगाच एकही तास बुडवू नका.

आमच्या आचऱ्याला दर काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल घेऊन अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहुट्या टाकतो आणि पुन्हा कौल झाला की परत येतो. घर सोडायचं ते सगळ्यांनी मिळून, हीच आमची सवय. एकट्याने घर सोडल्यावर काय करायचं याचा सराव कुणाला नसतो, आईबापांनाही नाही.

फोनचं बघा. रोज रात्री नऊला आईचा फोन. ‘जेवलंस काय गो? सगळा बरा आसा मा?’ ‘व्हय, बरा आसा.’ झालं. दोघीही एकमेकींना जपत होतो. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, क्यार वादळ आलं, देवबाग-मालवणच्या किनारी घराअंगणात समुद्राचं पाणी शिरलं, कापणीला आलेलं भात आडवं झालं, आणि मला कळलं ते बातम्यांतून. इकडे इन-सेमला ३० पैकी किती मिळाले हे त्यांना कळलंच नाही. पालकांना माझं सांगणं एवढंच: ‘जेवलंस काय’ विचारा, पण त्याच्यापुढे ‘इन-सेम कधी आहे’ आणि ‘सबमिशन किती झालं’ हेही विचारा. तुम्हाला त्यातलं कळत नसलं तरी बिघडत नाही. प्रश्न नेमका असला की मुलाला ‘बरा आसा’ म्हणून सुटता येत नाही. आणि मुलांनी घरच्या पैशाचा प्रश्न नेमका विचारावा. ‘फी कुठून आणलात?’ हे मी वेळेवर विचारलं असतं तर दिवाळीनंतर नव्हे, ऑगस्टमध्येच कॉलेजच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घातलं असतं. तिची नोंदणीही सुरुवातीलाच होते.

वर्गात तोंड उघडत नाही, ही आपल्या मुलांची दुसरी खोड. ‘इथे’च्या जागी ‘हयसर’ म्हटलं की मागच्या बाकावर खुसखुस होते, मग तास संपेपर्यंत शंका घशातच. यावर मला एकच उपाय सापडला. शंका वर्गात नाही, तास संपल्यावर सरांच्या केबिनमध्ये जाऊन विचारायची. तिथे सर आणि तुम्ही. पहिल्या महिन्यात दोनदा असं गेलात की सरांना तुमचं नाव पाठ होतं, आणि प्रॅक्टिकलला त्याचा उपयोग होतो, हे मी अनुभवाने सांगते. खुसखुस करणारे दिवाळीपर्यंत विसरतात. खुसखुशीच्या पुढे जाऊन कुणी त्रास देत असेल तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि यूजीसीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

शेवटचं आमच्या खोलीतल्या तिसऱ्या कॉटवरच्या मुलीबद्दल. देवगडची. गणपतीहून परत आली ती दुपारीही झोपूनच राहायला लागली. मेसला जाईना, मग लेक्चरला जाईना. आम्ही दोघी म्हणायचो, घरची आठवण येते, होईल ठीक. झालं नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे तिला आम्ही नेलं ते नोव्हेंबरात, खरं तर सप्टेंबरात न्यायला हवं होतं. आता १४४१६ वर टेलिमानसला फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत; तेव्हा ते नव्हतं. ती दिवाळीनंतर घरी गेली आणि पुढच्या वर्षी घराजवळच्या कॉलेजात बीएस्सीला बसली. आज रत्नागिरीला एका लॅबमध्ये कामाला आहे आणि तिचं छान चाललंय. परत जाण्यात काही वाईट नाही, हे मुलांनी आणि वाडीनेही ऐकावं. फक्त परत जायचं असेल तर प्रवेश रद्द करायची कट-ऑफ तारीख कॅपच्या माहितीपुस्तिकेत आधीच बघून ठेवा. तिच्या आत रद्द केलात तर फी जवळजवळ सगळी परत मिळते, नंतर हात हलवत यावं लागतं. तिची फी गेली ती गेलीच, वर शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिकाही कॉलेजने महिनाभर दिली नाही. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्येच सगळ्यांना कळवलं आहे. ते पत्रक छापून घेऊन जा. आम्ही फोनवर दाखवलं होतं, तर खिडकीवरची बाई म्हणाली, ‘असं मोबाइलवरचं चालत नाही.’ छापील दिल्यावर दुसऱ्या दिवशी कागद हातात.